लग्नपत्रिका आणि पाहुण्यांचे प्रश्न

लग्न ठरले की घरात लेखनाचे जे पहिले काम निघते, ते लग्नपत्रिकेचे. एरवी वर्षानुवर्षे कागदाला लेखणी न लावणारे कुटुंबही या वेळी मजकूर जुळवण्यास बसते. कोणाचे नाव आधी, कोणाचे नंतर, कुलदैवताचा उल्लेख कोठे, आजोबांच्या नावामागे ‘कै.’ लिहावे की ‘स्व.’, यावर बराच खल होतो. शेवटी पत्रिका छापून येते, वाटली जाते आणि दुसऱ्या दिवसापासून यजमानाचा दूरध्वनी वाजू लागतो. “कार्यालय नेमके कोठे आहे?” “आदल्या रात्री पोहोचलो तर उतरण्याची सोय आहे का?” “मुलांना आणायचे का?” “अहेर नको म्हणता, मग रिकाम्या हाताने कसे यावे?” ज्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी पत्रिका छापली, तेच प्रश्न पत्रिका हातात असूनही शिल्लक राहतात. मजकूर लिहिताना यजमानाचे लक्ष स्वतःच्या घराकडे असते. पाहुणा ज्या वाटेने येणार त्या वाटेकडे नसते.

ही गोष्ट किरकोळ नाही. रोजंदारीवर काम करणारा माणूस लग्नाला जातो तेव्हा एक दिवसाची मजुरी सोडून जातो. गाव दूर असेल तर दोन किंवा तीन दिवसांची. लहान मूल कडेवर घेऊन रात्री नऊ वाजता अनोळखी बसस्थानकावर उतरलेल्या बाईला ‘मंगल कार्यालय, स्टेशन रोड’ एवढ्या पत्त्याचा काय उपयोग? पत्रिकेतील एका गाळलेल्या ओळीची किंमत अशा वेळी पाहुण्याला मोजावी लागते, आणि तीही तो संकोचाने बोलून दाखवत नाही.

छापील पत्रिका सर्वत्र रुळण्यापूर्वी आमंत्रण तोंडी दिले जाई. हळदकुंकू लावलेल्या अखंड तांदळांना अक्षता म्हणतात. पहिली अक्षत गणपतीपुढे किंवा कुलदैवतापुढे ठेवायची, मग गावातील देवळांत आणि नंतर घरोघर, असा क्रम असे. ‘अक्षत देणे’ या शब्दप्रयोगाचा अर्थच आमंत्रण करणे असा झाला तो यामुळे. या पद्धतीचा एक मोठा गुण आज विसरला गेला आहे. अक्षत घेऊन आलेला माणूस दारात बसे, पाणी पिई आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देई. मुलगी कोणत्या गावची, बैलगाडी कोठपर्यंत जाते, मुक्काम कोणाकडे, हे सर्व तेथल्या तेथे कळे. छापील कागदाला प्रतिप्रश्न करता येत नाही. म्हणून तोंडी आमंत्रणात जे बोलण्याच्या ओघात सांगितले जाई, ते पत्रिकेत विचारपूर्वक लिहावे लागते.

पुढे टपालाने पत्रिका जाऊ लागल्या. पत्रिकेच्या चार कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटे लावण्याची चाल पडली, ती आजही अनेक घरांत आहे. उलट मृत्यूची वार्ता कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडलेला असे. ज्याला वाचता येत नव्हते, त्यालाही पत्र हातात पडताच आनंदाची बातमी की दुःखाची, एवढे उमजत असे. वाचणाऱ्याची अडचण आधीच ओळखून केलेली ही सोय आजच्या कितीतरी चकचकीत पत्रिकांपेक्षा अधिक समंजस म्हणावी लागेल.

पत्रिकेच्या भाषेचा परिचय नसलेल्याला तिच्यातील काही संक्षेप कोड्यासारखे वाटतात. ‘चि.’ म्हणजे चिरंजीव, दीर्घायुषी. ‘चि. सौ. कां.’ म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. हे वधूच्या नावामागे लिहितात. ‘वि. वि.’ म्हणजे विनंती विशेष, अर्थात खरे सांगणे आता पुढे आहे. जुन्या पत्रिकांतील ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजेश्री. हे मायने बहुतेक पत्रिकांत ठरावीक असले तरी माथ्यावरची ओळ घराघरांत वेगळी असते. कोणाकडे ‘श्री गजानन प्रसन्न’, कोणाकडे कुलदेवीचे नाव, बौद्ध कुटुंबांच्या पत्रिकेवर ‘नमो बुद्धाय’. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुरोहितावाचून लावलेला पहिला सत्यशोधक विवाह झाला. त्या परंपरेतील विवाह आजही होतात. पाहुण्याला माथ्यावरच्या ओळीवरून विधी कोणत्या पद्धतीचा असेल याची कल्पना येते. त्यामुळे ती केवळ शोभेची ओळ नाही.

मात्र या मायन्यांनंतर अनेक पत्रिकांत नावांचा पूर वाहतो. निमंत्रक, स्वागतोत्सुक, कार्यवाहक, प्रमुख उपस्थिती, शुभेच्छुक. काही भागांत पुढारी आणि पदाधिकारी यांचीच नावे इतकी असतात की लग्नाची वेळ शोधताना चष्मा लावावा लागतो. नावे छापण्यात मानापानाचा प्रश्न असतो हे खरे. तरी तिथी, वेळ आणि स्थळ या तीन गोष्टी नावांच्या गर्दीपासून वेगळ्या, ठळक अक्षरांत असाव्यात एवढे तरी पथ्य पाळता येते.

तिथीचा प्रश्न महाराष्ट्राबाहेरच्या पाहुण्यांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. पत्रिकेत ‘मिती माघ वद्य पंचमी’ असे छापलेले असते. शुद्ध पक्ष म्हणजे अमावास्येनंतरचा, चंद्र वाढत जाण्याचा पंधरवडा. वद्य पक्ष म्हणजे पौर्णिमेनंतरचा. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तेलंगणात महिना अमावास्येला संपतो. उत्तर भारतात तो पौर्णिमेला संपतो. परिणाम असा की शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते, पण वद्य पक्षात ते बदलते. जन्माष्टमी मराठी पंचांगात श्रावण वद्य अष्टमीला येते, तर उत्तरेकडे तोच दिवस भाद्रपद कृष्ण अष्टमीचा असतो. महाशिवरात्र आपल्याकडे माघात आणि तिकडे फाल्गुनात. दिवस मात्र एकच. ग्वाल्हेरच्या किंवा दिल्लीच्या पाहुण्याने केवळ तिथी वाचून स्थानिक पंचांगात शोध घेतला, तर तो ‘माघ वद्य पंचमी’ला एक महिना आधीच प्रवासाची तयारी करील. पत्रिकेतील शकाचेही तसेच आहे. मराठी पत्रिकेत शालिवाहन शक लिहितात, उत्तरेत विक्रम संवत अधिक प्रचलित आहे. गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत इसवी सनातून ७८ वजा केले की शक मिळतो; १ जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ वजा करावे लागतात. म्हणून तिथी अवश्य लिहावी, पण तिच्या शेजारी वार आणि इंग्रजी दिनांक हे दोन्ही लिहावेत. वार लिहिला की दिनांकात छपाईची चूक झालेली असल्यास तीही पाहुण्याच्या लक्षात येते.

आता वेळ. ‘शुभमुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटे’ असे वाचून पाहुण्याने किती वाजता यावे? मुहूर्ताची ही काटेकोर मिनिटे घड्याळापूर्वीच्या काळातून आली आहेत. तेव्हा तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्याने भरलेल्या पात्रात सोडत. छिद्रातून पाणी शिरून वाटी बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली, असे मोजत. त्या वाटीला घटिकापात्र म्हणत. घटिकेचे ६० भाग म्हणजे ६० पळे. सायंकाळच्या मुहूर्ताला ‘गोरज’ म्हणतात, कारण त्या वेळी रानातून परतणाऱ्या गाईंच्या खुरांनी धूळ उडते.

मुहूर्ताची वेळ ही अंतरपाट दूर होण्याची वेळ असते. वधूवरांच्या मध्ये वस्त्र धरलेले असते, मंगलाष्टके म्हटली जातात, शेवटी सर्व जण अक्षता टाकतात आणि अंतरपाट बाजूला होऊन वधूवर एकमेकांना हार घालतात. सारा प्रसंग थोड्याच मिनिटांत आटोपतो. जे पाहुणे लग्न ‘पाहायला’ येतात, ते याच क्षणासाठी येतात. ज्या प्रदेशांत वरात रात्री निघते आणि विधी उत्तररात्रीपर्यंत चालतात, तेथील पाहुण्याला हे ठाऊक नसते. तो मुहूर्तानंतर तासाभराने आरामात पोहोचतो आणि त्याला पंगती बसलेल्या दिसतात. यासाठी पत्रिकेत एक वाक्य पुरे आहे: ‘पाहुण्यांनी मुहूर्तापूर्वी अर्धा तास मंडपात यावे.’ सप्तपदी व इतर विधी किती वाजेपर्यंत चालतील आणि जेवण केव्हा सुरू होईल, हेही लिहिले तर परतीची गाडी ठरवणाऱ्याला आधार होतो. ज्या विवाहात मुहूर्त पाहत नाहीत, तेथे दिलेली वेळ ही विधी सुरू होण्याची वेळ असते. ते तसे स्पष्ट लिहावे.

स्थळाच्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ गावांच्या सारख्या नावांमुळे होतो. पिंपळगाव नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. पिंपळगाव बसवंत नाशिक जिल्ह्यात, पिंपळगाव हरेश्वर जळगाव जिल्ह्यात, पिंपळगाव राजा बुलढाणा जिल्ह्यात. जवळच्या नातेवाइकांना ‘पिंपळगाव’ एवढे पुरते. इंदूरहून किंवा बडोद्याहून येणाऱ्याला तालुका आणि जिल्हा हवाच. त्यातच काही जिल्ह्यांची नावे अलीकडे बदलली आहेत. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव हा बदल २०२३ मध्ये अमलात आला; अहमदनगर २०२४ पासून अहिल्यानगर झाले. मराठी पाहुण्याच्या हे अंगवळणी पडले असले तरी परप्रांतातील वयस्कर पाहुण्याच्या डोक्यात जुनेच नाव असू शकते. तेव्हा काही वर्षे तरी नव्या नावाबरोबर जुन्याचा उल्लेख केल्यास त्याची सोय होते.

पत्ता लिहिण्याची एक साधी कसोटी आहे. ज्याने हे गाव कधीच पाहिले नाही, असा माणूस केवळ पत्रिका हातात घेऊन कार्यालयाच्या दारापर्यंत येऊ शकेल का? त्यासाठी जवळचे रेल्वेस्थानक, तेथून पुढे जाणारे वाहन आणि उतरण्याची खूण सांगावी लागते. ‘रेल्वेने येणाऱ्यांनी नाशिक रोड येथे उतरावे. तेथून पिंपळगाव बसवंतला येण्यासाठी नाशिकमार्गे एसटी बस मिळते. महामार्गावरील बसथांब्यासमोर कार्यालय आहे. आदल्या दिवशी येणाऱ्यांच्या मुक्कामाची सोय कार्यालयातच केली आहे; किती माणसे येणार ते आठवडाभर आधी कळवावे.’ या चार-पाच वाक्यांना पत्रिकेची मागची बाजू पुरते. आता भ्रमणध्वनीवर नकाशाचा दुवाही पाठवता येतो आणि तो उपयोगी आहे. पण सर्वांकडे तसा भ्रमणध्वनी असतोच असे नाही, आणि असला तरी बसच्या वाहकाला नकाशा दाखवण्यापेक्षा थांब्याचे नाव सांगणेच अधिक कामाला येते.

याहून नाजूक प्रश्न म्हणजे आमंत्रण नेमके कोणाला आहे, हा. ‘सहकुटुंब’, ‘सहपरिवार’, ‘इष्टमित्रांसह’ हे शब्द पत्रिकेत सवयीने येतात, पण वाचणारा ते सवयीने वाचत नाही. लिफाफ्यावर फक्त ‘श्री.’ लिहून एका माणसाचे नाव घातले आणि आत ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापलेले असले, तर त्याने कशावर विश्वास ठेवावा? लिफाफ्यावरचे नाव हेच खरे आमंत्रण, असे बहुतेकांना वाटते आणि तेथूनच रुसवेफुगवे सुरू होतात. यजमानाची ऐपत मर्यादित असेल तर थोड्यांना बोलावण्यात कमीपणा नाही. कमीपणा संदिग्धतेत आहे. ‘नजरचुकीने कोणास आमंत्रण पोहोचले नसल्यास हेच आमंत्रण समजावे’ ही ओळ अनेक पत्रिकांत असते. जिला पत्रिकाच मिळाली नाही, अशी व्यक्ती ही ओळ वाचणार तरी कशी, हा विचार छापणारा करत नाही. त्यापेक्षा भावकीची आणि शेजाऱ्यांची यादी पुन्हा एकदा तपासलेली बरी.

काही पाहुण्यांच्या मनात यापुढचा एक प्रश्न असतो आणि तो ते कधीच विचारत नाहीत. नवऱ्याच्या निधनानंतर कितीतरी बायका लग्नाला गेल्या तरी मागच्या खुर्चीवर बसतात. हळदीच्या कार्यक्रमाला आपण गेलेले चालेल का, अक्षता टाकलेल्या चालतील का, ही शंका त्यांना खाते. काही वेळा वराच्या किंवा वधूच्या आईचेच नाव ती विधवा असल्यामुळे निमंत्रकांत छापले जात नाही, चुलत्याचे छापतात. जिने मुलाला वाढवले, तिच्याच नावाला त्याच्या पत्रिकेत जागा नसावी, ही रूढी कोणत्याही कसोटीवर टिकणारी नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये विधवांविषयीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे, असे कळवले. पत्रिका लिहिणाऱ्या कुटुंबाला मात्र ठरावाची वाट पाहावी लागत नाही. निमंत्रकांत आईचे नाव पहिले लिहावे. आत्याला किंवा मावशीला आमंत्रण देताना ‘हळदीला तुम्हीच पुढे व्हायचे आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देणे हीच येथे सभ्यता आहे.

अहेराच्या ओळीबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. ‘कृपया अहेर आणू नये’ असे छापण्यामागचा हेतू चांगला आहे, कारण अहेर ही अनेकदा परतफेडीची उसनवारी होऊन बसते आणि गरीब पाहुण्यावर तिचा भार पडतो. परंतु ती ओळ छापूनही मंडपात कोणी पाकिटे स्वीकारत बसले असेल, तर ओळीवर विश्वास ठेवून आलेला पाहुणा ओशाळतो. म्हणून ही ओळ लिहायची असेल तर पाळावी. पाळता येणार नसेल तर छापू नये. वधू किंवा वराला भेटी स्वीकारायच्या असल्यास कायदा काय सांगतो, हे जाणून घेणे उपयुक्त आहे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानुसार, मागणी न करता रूढीप्रमाणे दिलेल्या भेटी हा हुंडा ठरत नाही. पण त्यांची यादी करणे आवश्यक आहे. १९८५ च्या नियमांप्रमाणे या यादीत वस्तूचे थोडक्यात वर्णन, तिची अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते असल्यास ते नाते लिहायचे असते. पुढे वाद उद्भवल्यास वधूसाठी ही यादी महत्त्वाचा पुरावा ठरते.

जेवणाबाबत फारसे लिहावे लागत नाही. शाकाहारी की मांसाहारी, पंगत की स्वरुचिभोजन, एवढे कळले तरी पुष्कळ झाले. मधुमेही किंवा उपवास असलेल्या पाहुण्याने स्वतःहून सांगावे, अशी अपेक्षा ठेवण्यास हरकत नाही.

ठरलेला बेत बदलला तर ते कळवण्याचे कामही यजमानाचेच. २०२० मध्ये करोनाच्या साथीत हा प्रसंग हजारो घरांवर आला. त्या वर्षी मे महिन्यात केंद्र शासनाच्या सूचनांनुसार विवाहाला ५० पेक्षा अधिक पाहुणे बोलावण्यास मनाई होती. पत्रिका आधीच वाटून झालेल्या कुटुंबांना शेकडो जणांना ‘येऊ नका’ असे कळवावे लागले. ज्यांनी प्रत्येकाला स्वतः दूरध्वनी करून कारण सांगितले, त्यांचे पाहुणे दुखावले नाहीत. एरवीही पत्रिकेत चौकशीसाठी एका जबाबदार व्यक्तीचे नाव व दूरध्वनी क्रमांक असावा. ती व्यक्ती वधूवरांचे आईवडील नसावी; लग्नाच्या दिवशी त्यांना दूरध्वनी घेण्याची उसंत नसते. एखादा मामा किंवा चुलतभाऊ या कामाला योग्य.

लग्न पार पडल्यावर बहुतेक पत्रिका रद्दीत जातात. तरीही दोन-तीन प्रती जपून ठेवाव्यात. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सर्व राज्यांना विवाहनोंदणी सक्तीची करण्याचा निर्देश दिला. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमानुसार नोंदणी करताना तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि विवाह झाल्याचा पुरावा म्हणून लग्नपत्रिका जोडण्यास सांगतात. या सह्या करण्यास लग्नाला हजर असलेल्या पाहुण्यांपैकीच कोणाला तरी बोलावले जाते. अशा वेळी पत्रिकेत वराचे नाव ‘बाळू’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘बाळकृष्ण’ असे निघाले, की कार्यालयात नवे प्रश्न सुरू होतात. घरातले लाडके नाव छापायचेच असेल, तर ते कंसात घालून आधी कागदोपत्री असलेले पूर्ण नाव छापावे.